आपल्याच रक्ताची गुठळी

जालन्यात दाढ काढून दवाखान्याबाहेर पडलेला पेशंट सगळ्यात आधी काय करतो, तर समोरच्या गाडीवर मोसंबीचा ज्यूस घेतो. सकाळपासून धास्तीने पोटात काही गेलेलं नसतं, अर्धा जबडा बधिर असतो, दातांखाली कापसाचा बोळा असतो. गाडीवाला मायेनं ग्लासात स्ट्रॉ टाकून देतो. स्ट्रॉने ओढताना तोंडात जी खेच बसते, तिने दाढेच्या खड्ड्यात नुकतीच धरू लागलेली रक्ताची गुठळी हलते. कधी कधी सुटूनच येते. मोसंबी म्हणजे जालन्याची शान, तिला भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे या शहरात बरीच वर्षं दाढा काढत आलेल्या एक डॉक्टरबाई मोसंबीला नावं ठेवत नाहीत. "ज्यूस प्या, पण ग्लास तोंडाला लावून प्या," एवढंच सांगतात.

बाईंच्या सगळ्या कामाचं सार त्या गुठळीत आहे. दाढ निघाली की खड्ड्यात रक्त भरतं, गोठतं, आणि खालच्या उघड्या हाडावर झाकण बसतं. त्या झाकणाखाली नवं मांस धरतं, वरून हिरडी सरकत येऊन तोंड बंद करते, आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत आत हाड भरत जातं. गुठळी वेळेआधी गेली तर हाड उघडं पडतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कानापर्यंत जाणारी कळ, तोंडाला घाण वास, आणि रात्र काढणं मुश्कील. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दाढा काढताना शंभरात एक ते पाच जणांना तो होतो. खालच्या अक्कलदाढांच्या बाबतीत हा आकडा तीसपर्यंतही जातो. अशा पेशंटचा खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या तेलाचा अंश असलेलं औषध भरतात. कळ थांबते, पण भरून येण्याचे दिवस लांबतात.

बाईंचं शिक्षण शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात झालं. मुखशल्यचिकित्सेची पदवी घेऊन त्या जालन्यात परतल्या. दवाखान्यात आधी खुर्ची आली, मग एक्स-रे, आणि बऱ्याच उशिरा एका कोपऱ्यात प्रेशर कुकरएवढं एक यंत्र आलं: सेंट्रिफ्यूज. पेशंटचंच थोडं रक्त काढायचं, ते यंत्रात फिरवायचं, आणि त्यातला कामाचा भाग पेशंटच्याच जखमेत परत भरायचा, ही पद्धत.

पेशंटना हे सांगणं बाईंना वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. प्लेटलेट ही चीज मराठवाड्यात डेंगीने घरोघरी पोचवली आहे. "डेंगीत पेशी कमी होतात त्याच का ह्या?" असं पेशंटच विचारतात. त्याच. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली की धावून जाऊन रक्त थांबवायचं हे त्यांचं पहिलं काम. दुसरं काम फारसं कुणाला ठाऊक नसतं: त्यांच्या पोटात वाढीला चालना देणारी प्रथिनं साठवलेली असतात. गुठळीत अडकल्यावर ती बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या पेशींना जागेवर बोलावतात, वाढायला लावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. मग या पेशी नेहमीपेक्षा जास्त संख्येने जखमेत नेऊन ठेवल्या तर?

हा प्रश्न जबड्याच्या शस्त्रक्रियेत गाजवला तो अमेरिकेत मायामी विद्यापीठातल्या रॉबर्ट मार्क्स यांनी. १९९८ साली त्यांनी ८८ पेशंटांचा अभ्यास छापला. गाठी काढताना खालच्या जबड्याचा पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा तुकडा गेलेले हे लोक. सगळ्यांना त्यांच्याच शरीरातलं हाड काढून तिथे बसवलं. निम्म्यांच्या हाडात प्लेटलेट घट्ट केलेला रक्तद्रव, म्हणजे पीआरपी मिसळला. सहा महिन्यांनी तपासलं तर पीआरपीवाल्यांच्या नव्या भागात ७४ टक्के हाड होतं, बाकीच्यांत ५५ टक्के. जगभरच्या दंतशल्यचिकित्सकांचे डोळे चमकले. पुढच्या अभ्यासांचे निकाल मात्र इतके ठसठशीत आले नाहीत. काहींत फरक दिसला, काहींत दिसलाच नाही.

शिवाय मार्क्स यांची पद्धत जालन्याच्या खुर्चीला परवडणारी नव्हती. त्यांनी मोठ्या यंत्रावर पेशंटचं ४०० ते ४५० मिलिलिटर रक्त घेतलं होतं; आपल्याकडे रक्तदानात घेतात तेवढं किंवा त्याहून जास्त. पुढे पद्धत सोपी झाली, रक्त कमी लागू लागलं, तरी दोनदा फिरवणं आलं, रक्त गोठू नये म्हणून आधी एक रसायन आणि शेवटी ते गोठावं म्हणून दुसरं. हे दुसरं म्हणजे कॅल्शियम आणि थ्रॉम्बिन, आणि थ्रॉम्बिन बऱ्याचदा गायीच्या रक्तातून काढलेलं असे.

फ्रान्समध्ये जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली यातली सगळी रसायनं काढून टाकली. रक्त साध्या नळीत घ्यायचं, काही न मिसळता लगेच फिरवायचं. ते गोठणार तर गोठू द्यायचं. गोठता गोठता थर वेगळे होतात आणि मधोमध प्लेटलेटने भरलेली, फायब्रिनच्या धाग्यांची गुठळी तयार मिळते. हे पीआरएफ. पीआरपीतल्या पेशी आपला बहुतेक साठा पहिल्या तासाभरातच सोडून मोकळ्या होतात, तर पीआरएफच्या जाळ्यात अडकलेल्या पेशी तो आठवडाभर आणि त्याहून जास्त काळ थोडा थोडा सोडत राहतात. बाई ज्याला रोजच्या बोलण्यात पीआरपी म्हणतात, ते प्रत्यक्षात बहुतेक वेळा पीआरएफच असतं. पेशंटला फरक सांगत बसत नाहीत, कागदावर मात्र नीट लिहितात.

कामाची पद्धत अशी. इंजेक्शनने जबडा बधिर करून झाला की टेक्निशियन कोपराच्या शिरेतून दहा-दहा मिलिलिटरच्या दोन नळ्या भरतो. नळ्या लाल टोपणाच्या, आत काही नसलेल्या. जांभळ्या टोपणाची नळी चालत नाही. ती सीबीसीची, तिच्यात रक्त गोठूच न देणारं रसायन असतं. नळ्या भरल्यापासून यंत्र सुरू होईपर्यंत मिनिट-दीड मिनिटाचा खेळ. तेवढ्यात उशीर झाला तर रक्त जागच्या जागी गोठतं, थर पडत नाहीत, आणि पेशंटच्या दुसऱ्या हाताकडे बघायची वेळ येते. नळ्या यंत्रात समोरासमोर ठेवायच्या. एकच असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पाण्याची नळी, नाहीतर यंत्र टेबलावर चालू लागतं. मग मिनिटाला तीन हजार फेऱ्या, दहा मिनिटं. हा आकडा पुस्तकातला. खरा जोर यंत्राच्या चाकाच्या आकारावर ठरतो. म्हणून एकाच्या यंत्रावरचे तीन हजार आणि दुसऱ्याच्या यंत्रावरचे तीन हजार सारखे नसतात, आणि कंपनीचा माणूस हे आपणहून सांगत नाही.

या दहा मिनिटांत जालन्याची वीज. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना ती कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि मध्येच थांबलेलं यंत्र पुन्हा सुरू करून उपयोग नसतो. बाईंनी इन्व्हर्टरची पहिली वायर सेंट्रिफ्यूजला दिली, एसी त्यानंतर.

यंत्र थांबलं की नळीत तीन थर. वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी, तळाला गर्द लाल रक्तपेशी, आणि मध्ये खरवसासारखी थरथरणारी पिवळसर गुठळी. चिमट्याने ती ओढून काढायची, खालचा लाल भाग कात्रीने कापायचा. तो पूर्ण काढायचा नाही. प्लेटलेटची सगळ्यात जास्त दाटी लाल आणि पिवळ्याच्या सीमेवर असते, म्हणून कडेला लालसर रेघ ठेवायची. नवशिके मदतनीस स्वच्छतेच्या हौसेने नेमकी तीच रेघ कापून टाकतात. मग जाळीच्या स्टीलच्या डबीत हलक्या वजनाखाली गुठळी दाबली की पाणी निथळून पापुद्रा उरतो. खड्डा खोल असेल तर गुठळी तशीच आत, वर पापुद्रा, आणि त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा टाका.

रक्त काढण्याला विरोध होतोच. मराठवाड्यातल्या बायकांना वाटतं, रक्त गेलं की अशक्तपणा येणार. आणि त्यांचं वाटणं अगदी निराधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. बाई तेव्हा जयंतीच्या रक्तदान शिबिराचं उदाहरण देतात: तिथे साडेतीनशे मिलिलिटर, इथे वीस. नवरा शिबिरात रक्त देऊन आलेला असला की तोच बायकोला समजावतो.

एका बाबतीत मात्र स्वतःच्या रक्ताने बाईंची मोठी अडचण सोडवली. हिरडीच्या किंवा इम्प्लांटच्या कामात खड्ड्यात भरायला बाजारात हाडाची पूड मिळते. तिच्यातली बरीच गायीच्या हाडापासून केलेली असते, आणि वर घालायचे काही पडदे डुकराच्या कोलॅजनचे. परदेशी माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण जालना म्हणजे जैनांचं मोठं गाव, हिंदूंचं, मुसलमानांचं. इथल्या पेशंटला हे न सांगता भरणं बाईंच्या मते फसवणूक आहे. त्या विचारतात, आणि विचारल्यावर बहुतेक लोक नको म्हणतात. मग कृत्रिम खनिजाची पूड, किंवा काम लहान असेल तर नुसतं पीआरएफ. एका म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मह्या घरचंच. मग काय इचारता?"

हे इतकं सोयीचं असेल तर प्रत्येकाला का नाही?

बाईंचं यावर ठाम मत आहे, आणि ते त्यांच्या गल्ल्याच्या विरुद्ध जातं. हलणारी, सहज निघणारी दाढ असेल, माणूस निरोगी असेल, तर खड्डा आपोआप भरणार. तिथे पीआरएफ घालणं म्हणजे ज्याचं रक्त त्यालाच विकणं. पीआरएफने अक्कलदाढेनंतरची कळ आणि ड्राय सॉकेटचं प्रमाण कमी होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. हिरडी लवकर मिटते हे बाई रोज डोळ्यांनी बघतात. आतलं हाड लवकर किंवा जास्त भरतं, याला मात्र तितका भक्कम आधार नाही. ड्राय सॉकेट टाळायला क्लोरहेक्सिडिन या साध्या जंतुनाशकाचा पुरावा चांगला आहे, आणि ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. पण आता लोकच मागायला येतात. केस गळतात म्हणून डोक्यात, गुडघे दुखतात म्हणून गुडघ्यात पीआरपी घेतलेले नातेवाईक सगळ्यांनाच असतात. "माझ्याही दाढेत टाका ते," म्हणणाऱ्या तरुणाला बाई आधी तोंड उघडायला लावतात.

तोंड उघडलं की खरा मामला दिसतो. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण बिनधुराची तंबाखू घेतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो सगळीकडे मिळतो. औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे रात्रपाळी करणारा माणूस दाढ काढल्यावर एक दिवस कसाबसा कळ काढतो, दुसऱ्या रात्री पुडी फोडतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, वर चुना टाक्यावर बसतो. अशा खड्ड्यात सगळ्यात भारी पीआरएफ घातलं तरी ते दोन दिवसांचं पाहुणं. म्हणून रक्त काढण्याआधी बाई तंबाखूची बोलणी करतात. "कायमची सोडा" म्हटलं तर कुणी ऐकत नाही. "सात दिवस सोडा, नाहीतर मी रक्त काढत नाही" म्हटलं की निदान घासाघीस तरी सुरू होते.

बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर उत्तर नाही असंच येतं. खोटं नसतं ते. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची मिसरी दिवसातून चार वेळा हिरड्यांना चोळणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. त्यामुळे प्रश्न दोन वेगवेगळे विचारावे लागतात. मिसरीचं बोट थेट टाक्यावरून फिरतं, हा आणखी एक ताप.

शुगरचंही तसंच. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी वाईट आली तर बाई दाढ पुढे ढकलतात, पीआरएफचं नाव काढत नाहीत. आणि हाडांत पसरलेल्या कॅन्सरवरची किंवा हाडं ठिसूळ झाल्यावरची ठरावीक इंजेक्शनं घेतलेला माणूस आला तर त्याला थेट मोठ्या रुग्णालयात धाडतात. त्या औषधांनी जबड्याचं हाड मरू शकतं, हे २००३ साली जगापुढे ठळकपणे मांडलं तेही याच मार्क्स यांनी. पीआरपीचं नाव घेताना त्यांचा हा दुसरा शोध लोक विसरतात. बाईंच्या लेखी तो पहिल्यापेक्षा मोठा.

मग पीआरएफ नक्की कुठे? एक जागा वरच्या दाढांची. वरची दाढ काढली की नजर कमी होते अशी आपल्याकडे पक्की समजूत. डोळ्याशी तिचा संबंध नाही, पण गालाच्या हाडातल्या पोकळीशी, सायनसशी, नक्की आहे. काहींच्या मुळांत आणि त्या पोकळीत मिळून मध्ये कागदाएवढंच हाड असतं. अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची दाढ दुसरीकडे निघाली होती, आणि तो बाईंकडे आला ते "पाणी पिलं की नाकातनं येतंय" ही तक्रार घेऊन. भोक लहान होतं. बाईंनी पीआरएफच्या दोन गुठळ्या आत बसवल्या, वर पापुद्रा, वर टाके, आणि पंधरा दिवसांचा नियम दिला: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, बिडी नाही, शंख फुंकायचा नाही. शेवटचं ऐकून तो दचकला, कारण घरच्या पूजेत शंख तोच फुंकायचा. पंधरा दिवसांनी हिरडी मिटलेली होती. भोक मोठं असतं तर गालाचं मांस ओढून झाकावं लागलं असतं. तिथे नुसत्या पीआरएफवर विसंबणं बाईंना मान्य नाही.

आणि दुसरी जागा पुस्तकात नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दवाखान्यात घनसावंगी, अंबड, परतूर, मंठ्याकडच्या बायकांची गर्दी वाढते. ऊसतोडीला निघालेल्या बायका. उचल घेऊन झालेली असते, ट्रॅक्टर ठरलेला असतो, आणि वर्षभर अंगावर काढलेली दाढ आता काढायची असते. फडात दाढ सुजली तर दवाखाना दूर, आणि कोयत्यातला एक जण बसला की खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता; बायकोच्या दाढेचा दंड दोघांच्या मजुरीतून कापला जातो. कोणी परवाच निघणार असते, कोणी उद्या.

अशा बाईला सात दिवसांनी टाके काढायला या म्हणणं निरर्थक. ती आता थेट मार्च-एप्रिलमध्ये येणार. म्हणून विरघळणारा टाका, आणि खालची अवघड दाढ असेल तर पीआरएफ, त्याचे पैसे न लावता. इथे बाई हाड भरण्याचा हिशेब करत नाहीत. अधिक घट्ट, टाक्याने धरून ठेवलेली गुठळी आधीच बसवून दिली, तर पहिल्या चार दिवसांच्या हेलकाव्यात, उघड्या ट्रॉलीतल्या धुळीत ती टिकण्याची शक्यता जास्त, एवढाच त्यांचा विचार. याचा कुणी अभ्यास केलेला नाही. तो त्यांचा अंदाज आहे, आणि त्या तो अंदाज म्हणूनच सांगतात. बांधून द्यायच्या कागदावर औषधाच्या वेळा आकड्यांत नसतात, सूर्य आणि चंद्राची चित्रं काढलेली असतात. मिसरीच्या डबीवर फुली. आणि कागद दोन असतात: एक तिच्यासाठी, एक मुकादमासाठी, कारण ताप किंवा सूज आली तर गाडी काढायची की नाही हे तोच ठरवणार.

गेल्या हंगामात एक मुकादम स्वतः आत आला. कागद दोनदा वाचला, खिशात घातला, कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट करून म्हणाला, "मॅडम, हे रक्ताचं गुडघ्यात बी देतेत म्हणं. महा उजवा लई दुखतोय." बाईंनी त्याला हाडांच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला, आणि जाण्याआधी खुर्चीत बसवून त्याचंही तोंड उघडायला लावलं.